सातवी आसरा, रूल सत्तावीस

...नाय, मला तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेली माणसं दिसता, देवापुढं हात जोडताना डोळे मिटायचे का उघडे ठेवायचे? मिटायचेच ना? लहानपणापासून आईनं टाळक्यात टपल्या मारून हेच शिकवलं, डोळे मीट मेल्या, नायतर देवी कोपते. मिटले. पस्तीस वर्षं मिटले! आणि आता अपिलात समोरचा वकील काळा कोट सावरत विचारतो, डोळे का मिटले होते? आणि वरून जजसाहेब चष्म्याच्या कडेनं बघतात आणि एकदम शांतपणे, घरच्या माणसानं विचारावं तसं विचारतात, "इतके दिवस कुठे होतात?"

इतके दिवस कुठे होतात... तुम्हाला सांगतो, हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता फूलबाजारात कुणी सहज म्हणलं, काय लहानू, दिसला नाय बरेच दिवस, तरी माझ्या तोंडातनं निघतं, साहेब, योग्य ती तत्परता दाखवूनसुद्धा!

तर मी लहानू. मखमलाबादच्या पुढं मळा हाय आमचा. पाऊण एकर गुलाब, अर्धा एकर झेंडू, बांधाला मोगरा. नाशिकमध्ये तुम्ही कुणाच्या गळ्यात हार घातला असेल, कुणाच्या फोटोला घातला असेल, तर त्यातलं एखादं फूल माझं असणारच. आणि ह्या सगळ्याला पाणी एकाच विहिरीचं. दुसरी विहीर नाय, कॅनॉल नाय, बोअर मारला तर नुसता फुफाटा वर आला. विहीर गेली की गुलाब गेला, आणि गुलाब गेला की मी आणि सरिता, म्हणजे आमची मंडळी, दोघं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावर राखेच्या पाट्या वाहायला. एवढं साधं गणित हाय, ते ध्यानात ठेवा, कारण पुढं मी कुठंकुठं भरकटणार हाय.

विहीर माझ्या बापानं खोदली. धोंडीराम नाव त्याचं. अठ्ठावन्न साली खोदली आणि आठ वर्षांत माणूस गेला, मी तेव्हा सहा वर्षांचा. मग चुलत्यानं सगळी वहिवाट सांभाळली, आणि सांभाळता सांभाळता सातबाऱ्यावर विहिरीपुढं स्वतःचं नाव लावून घेतलं. आम्हाला काय माहीत? सातबारा कोण बघतं रोज? तो काय पिच्चर हाय? चुलता होता तोवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं. तो गेला आणि त्र्याण्णव साली त्याच्या पोरानं, म्हणजे आमच्या केरूदादानं, दावा ठोकला. विहीर आणि भोवतालचे पाच गुंठे माझ्या मालकीचे, लहानूनं आपली मोटार उचलावी.

आता केरूदादा म्हणजे कुणी परका नाय बरं का. दोन वर्षांनी मोठा माझ्याहून. एका ताटात जेवलो, एका मास्तरचा मार खाल्ला, माझ्या वरातीत घोडं बुजलं तेव्हा लगाम ह्यानंच धरला. अजून तारखेला दोघं एकाच बसनं येतो. बसमध्ये तो म्हणतो, लहानू, तू खिडकीशी बस, तुला बस लागते. आणि कोर्टात उतरला की ह्याचा वकील सांगतो, प्रतिवादी हा उपटसुंभ इसम आहे. मी केरूदादाकडं बघतो, तो छताकडं बघतो.

सहा वर्षं चालला दावा. खालच्या कोर्टात विचारलं, विहीर तुमच्या वडिलांनी खोदली, पुरावा काय? म्हणलं, साहेब, पाणी हाय ना तिच्यात. ते म्हणाले, पाण्यावर नाव नसतं. दोन म्हातारे साक्षीला नेले. पहिल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, धोंडीरामनंच खोदली, मी स्वतः माती उपसलीय. उलटतपासणीत विचारलं, कोणत्या साली? तो म्हणाला, माझी काळी म्हैस पहिलटकरीण व्याली त्या साली. म्हशीचा जन्मदाखला कुठून आणायचा सांगा! दुसऱ्या म्हाताऱ्याला ऐकू कमी, त्याला विचारलं विहीर कुणाची, तो म्हणाला, बरा हाय, तुम्ही कसे? झालं. नव्व्याण्णव साली निकाल लागला, आम्ही हरलो, मोटार उचला.

लगोलग अपील केलं. वकील बदलला. शुभांगी मॅडम म्हणून हाईत, तरुण हाईत पण फाईल वाचतात हो, आधीचे तर फाईल काखेत धरायचे नुसती. मॅडमनी 'जैसे थे' आणलं, म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत माझी मोटार चालू. पण मला आधीच सांगून ठेवलं, लहानूभाऊ, कागद नसेल तर अपिलात पण अवघड आहे. शोधा.

शोधलं की! तुम्हाला सांगतो, चपला झिजल्या. तलाठी झाला, तहसील झालं, रेकॉर्ड रूममध्ये इतकी धूळ खाल्ली की सरिता म्हणाली, आता पेरलं तर उगवेल तुमच्यात. विहीर बांधणारा पाथरवट कळवणचा होता असं कळलं, कळवणला गेलो, तर तो सतरा वर्षांपूर्वीच गेलेला, त्याच्या सुनेनं चहा पाजून परत पाठवलं. देवळ्याला मामाकडं गेलो, मामानं माळ्यावरची ट्रंक काढली, ट्रंकेत काय, तर माझा लहानपणीचा एक बंडी-चड्डीतला फोटो. तो घेऊन आलो. सगळा जिल्हा पालथा घातला म्हणा. आणि पुरावा कुठं होता? माझ्या मोटारीपासून चार पावलांवर.

आता साती आसरा तुम्हाला माहीत असतील. पाण्याच्या सात बहिणी. आमच्याकडं कुठल्याबी जुन्या विहिरीवर जा, काठाला सात दगड मांडलेले, शेंदूर लावलेले, दिसतीलच. आमच्याबी हाईत. आई दर मंगळवारी पूजा करणार, अवसेला शेंदूर तेलात कालवून सातीजणींना हात देणार, आणि मी उभ्या उभ्या हात जोडणार, डोळे मिटून, कारण टपली. तर दोन हजार दोनचा मे महिना. ऊन असं की झेंडू उभ्या उभ्या वाळावा. सरिता पाणी धरायला गेली आणि तिथनंच हाक मारली, "अहो, इकडं या, देवीनं अंग टाकलं."

पळत गेलो. बघतो तर शेवटची, सातवी आसरा, तिच्यावरचं शेंदराचं कवच आख्खंच्या आख्खं सुटून खाली पडलेलं. पस्तीस वर्षांचे थर हो, मुठीएवढे जाड. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसं निघालं. आणि आत गुळगुळीत काळा दगड, आणि त्यावर कोरलेलं, एक एक अक्षर करकरीत... 'धोंडीराम महादू. स्वकष्टाची विहीर. सन १९५८.'

बापाचा चेहरा मला धड आठवत नाय, फोटो नाय, काय नाय. आणि नाव असं समोर. रडूच आलं. आणि रडता रडता मला काय सुचलं असेल? तोडलेल्या गुलाबांची पाटी शेजारीच होती, त्यातला हार काढला आणि घातला दगडाला. मग आठवलं, अरे, हा पुरावा हाय! तसाच सायकलवर टांग मारून फोटोवाल्याला घेऊन आलो. तो लग्नाचे फोटो काढणारा, त्यानं अँगल धरला, सरिताला म्हणाला, वहिनी तुम्ही पण उभ्या राहा, जरा हसा, सहा फोटो काढले. धुऊन आले तर काय... सरिता हसतेय, गुलाब टवटवीत, आणि गुलाबांच्या मागं नाव! एकाबी फोटोत 'स्वकष्टाची' दिसंना. आमचे गुलाब लय दाट असतात, बाजारात नाव हाय त्यांचं.

तेवढ्यात केरूदादा आला. त्यानं वाचलं. दोनदा वाचलं. तोंड उतरलं त्याचं, क्षणभर मला वाटलं हा आता काकाच्या नावाला हात जोडतो. पण त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "हे तू परवा कोरून घेतलंस." म्हणलं, दादा, मला माझी सही करताना घाम येतो. तो म्हणाला, ते कोर्टात बघू, आणि मग खरं मनातलं बोलला, "पण लहानू, हे इतके दिवस कुठं होतं रे?"

मॅडम मात्र सगळं ऐकून खूश. म्हणल्या, लहानूभाऊ, दगड आहे ना जागेवर? मग फोटोचं सोडा, फक्त काम होईपर्यंत सातवीला कुणी शेंदूर लावू नका. पण अपिलात नवा पुरावा असा सहजासहजी घेत नाहीत. खालच्या कोर्टात जे दाखवलं, त्याच्यावरच अपील. नवीन आणायचं तर ऑर्डर एक्केचाळीस, रूल सत्तावीस, त्याखाली अर्ज करायचा, आणि पटवून द्यायचं की योग्य ती तत्परता दाखवूनसुद्धा हा पुरावा तेव्हा आपल्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. म्हणलं, सोपं हाय! कळवणला गेलो, देवळ्याला गेलो, ट्रंक उघडली, चड्डीतला फोटोपण हाय पुराव्याला. मॅडम म्हणल्या, फोटो राहू द्या. प्रतिज्ञापत्र केलं, सही केली, घाम आला.

अर्ज दाखल करताना खिडकीवरचा कारकून म्हणाला, पुराव्याची मूळ प्रत जोडा. म्हणलं, मूळ दीड मणाची हाय. तो म्हणाला, मग झेरॉक्स? मी घरी येऊन आईला विचारलं, सातवीला टेम्पोत घालून कोर्टात नेऊ का एक दिवस? आई माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं काय मी सख्ख्या मावशीला टेम्पोत घालायला निघालो. आसरा पाण्यापासून हलवत नाय म्हणाली, आणि विषय संपला.

मग सुनावणी. त्या दिवशी आई म्हणाली, मीबी येते. नवसाबाई नाव आईचं, चौसष्ट वर्षांची, गुडघे गेलेले, पण आली, पिशवीत नारळ घेऊन मागच्या बाकावर बसली. समोरचा वकील उठला. हा माणूस आवाज चढवत नाय कधी, साखर खाऊन बोलतो. म्हणाला, "महोदय, अपीलकर्ता म्हणतो पुरावा त्याला माहीत नव्हता. महोदय, अपीलकर्ता दर मंगळवारी पुराव्यापुढे हात जोडत होता. पुराव्याला हळदकुंकू वाहत होता. पुराव्यासमोर नारळ फोडून पुराव्याचा प्रसाद खात होता. पस्तीस वर्षं! याहून जवळची ओळख पुराव्याची आणि पक्षकाराची कुठल्या दाव्यात असते?"

कोर्टात हशा पिकला, माझा वकीलबी हसला... म्हणजे मॅडम हसल्या, मी बघितलं. मग त्या उठल्या आणि म्हणल्या, साहेब, देवावरचा शेंदूर खरवडून खाली काय लिहिलंय ते बघणारा माणूस महाराष्ट्रात मिळणार नाही, ती तत्परता नव्हे, तो आचरटपणा. मला लय बरं वाटलं. जजसाहेबांनापण पटल्यासारखं दिसलं, ते पेन उचलणार एवढ्यात त्यांनी सहज, अगदी सहज विचारलं, "पण मुळात नावाचा दगड देवात गेला कसा? कुणाला काहीच माहीत नव्हतं?"

आणि मागच्या बाकावरनं आवाज आला, "मला ठावं व्हतं की."

वळून बघतो तर आई उभी. मॅडमनी कपाळाला हात लावला. समोरच्या वकिलाचा चेहरा असा फुलला, माझ्या गुलाबांनी झक मारावी. म्हणाला, महोदय, प्रत्यक्ष मातोश्री! एका छपराखाली! योग्य तत्परता म्हणजे दुसरं काय हो, माणसानं घरी आईला विचारणं! जजसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, तुम्ही कळवणला गेलात. देवळ्याला गेलात. आईला विचारलं नाही?

विचारलं होतं की, एकदा. म्हणलं होतं, आई, विहिरीचा काय कागद हाय का? ती म्हणाली, कागद नाय. खरंच होतं ते! दगड हाय का, असं कोण विचारतं आईला?

मग आईला पिंजऱ्यात बोलवलं. शपथ झाली. जजसाहेब अदबीनं बोलले तिच्याशी, म्हणाले, आजी, बसून सांगा. दगडाचं काय झालं ते सांगा. आणि ती सांगायला लागली. म्हणाली, "मालक गेले त्या पावसात विहिरीचा काठ ढासळला. तो नावाचा दगड खाली पडला, गुरांच्या वाटंत. मला वाचता येत नाय, पन त्याच्यावर त्यांचं नाव हाय एवढं ठावं. म्हशी त्याच्यावर पाय द्यायच्या, पोरं पाय द्यायची, दीर चिखलाचे बूट पुसायचे. बोलायची सोय नव्हती मला, रांडमुंड बाई. मंग मी म्हनलं, ह्याच्यावर पाय पडू नाय असं काय करावं? आसरांमधी एक दगड फुटल्याला, सहाच राहिल्या व्हत्या. उचलला आनि ठेवला तिथं सातवा. शेंदूर लावला. त्या दिसापासून कुनाचा पाय नाय पडला त्यांच्या नावावर. उलट जो तो वाकतो."

पस्तीस वर्षं ती बाई शेंदूर लावत होती, आणि मी समजत होतो देवाला लावतेय. केरूदादाकडं बघितलं, तो पुन्हा छताकडं, पण ह्या वेळी नाक ओढत होता.

पण वकिलाला कुठली कणव? त्यानं धरलं, बाई, दगडावर नाव होतं म्हणता, कुणाचं नाव होतं? आई म्हणाली, त्यांचं. त्यांचं म्हणजे कुणाचं? मालकांचं. मालकांचं नाव काय? आई गप. आता तुम्ही आमच्या बायकांना ओळखता, नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची नाय, मेला तरी नाय. माझ्या शाळेच्या दाखल्याच्या वेळी बापाचं नाव मास्तरला शेजारणीनं सांगितलं होतं! वकील म्हणाला, महोदय, साक्षीदार नाव सांगू शकत नाही, तर्क काय काढायचा तो काढावा. कारकून हळूच म्हणाला, आजी, रेकॉर्डला नाव लागतं हो. मॅडम खाणाखुणा करतात, मी खाणाखुणा करतो, आई कुणाकडं बघंना. सगळं अपील एका नावावर अडलं, ते नाव सगळ्या फाईलभर लिहिलेलं, आणि ते घ्यायला जगात एकच बाई, आणि तिचे ओठ शिवलेले!

मग तिनं काय केलं, पदर डोक्यावरनं नीट घेतला, खाकरली, आणि भर कोर्टात, जजसाहेबांकडं बघून...

"सोळा हात खडक फोडला, पाणी लागलं गोड,
धोंडीरामाचं नाव घेते, वकिला आता नाद सोड."

काय बोलता! बाहेर पुकाऱ्याची वाट बघणारी माणसं दारात आली. बेलिफ टाळ्या वाजवायला गेला आणि आठवण होऊन थांबला. टाईप करणाऱ्या बाईंनी मान वर केली, साहेब, हे सलग घेऊ का दोन ओळींत? वकील म्हणाला, हरकत आहे, पाणी गोड होतं हे कैफियतीत कुठंच नमूद नाही. जजसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, दोन ओळींत घ्या.

महिन्याभरानं हुकूम आला. मॅडमनी वाचून दाखवला. साहेबांनी लिहिलं होतं, तत्परतेच्या नावानं अपीलकर्त्याकडं शून्य, जो माणूस आईला सोडून कळवणला विचारायला जातो त्याची बाजू ह्या मुद्द्यावर घेता येत नाही. मी म्हणलं, मेलो. मॅडम म्हणल्या, थांबा हो, पुढं ऐका. रूल सत्तावीसमध्ये आणखी एक दार आहे, पक्षकार आळशी असला तरी निकाल द्यायला कोर्टालाच एखादा पुरावा बघणं गरजेचं वाटलं, तर कोर्ट तो घेऊ शकतं. आणि साहेबांनी लिहिलंय की मला तो दगड बघायचाच आहे. अर्ज मंजूर! कोर्ट कमिशनर जागेवर येणार, दोन्ही बाजूंसमोर अक्षरांचा ठसा घेणार, फोटो काढणार, हार न घालता.

घरी येऊन आईच्या पाया पडलो. म्हणलं, आई, जिंकलो गं. तेवढंच म्हणलो. पुढचं, कमिशनर यायचाय, ठसा घ्यायचाय, ते काय मी बोललो नाय. आता म्हणाल तत्परता कुठं गेली! अहो, मलाच अजून समजत होतं हळूहळू.

कमिशनरची तारीख मंगळवारची. मी पहाटे फुलं टाकायला बाजारात गेलो, तिथनं कोर्टाकडनं कमिशनरसाहेबांना रिक्षात घालून, त्यांच्या मांडीवर ठशाचा कागद, माझ्या मांडीवर त्यांची बॅग, अशा थाटात मळ्यात आलो, मागनं स्कूटरवर मॅडम, केरूदादा, त्याचा वकील. विहिरीशी गेलो. आणि बघतो तर सातीच्या साती लालभडक! नवे खण, नव्या बांगड्या, उदबत्त्या चालू, आणि सातवीवर तर शेंदूर असा बोटबोट जाड, अजून ओला, तेल निथळतंय. आई शेजारी हात जोडून, चेहऱ्यावर समाधान. म्हणाली, "बोलले व्हते आसरांना, लेकाचं काम झालं की सातीजणींना सव्वा पायली शेंदूर. आज फेडला नवस. सातवीला जास्ती दिला, तिचं काम व्हतं ना."

कमिशनरसाहेबांनी विचारलं, मजकूर कुठे आहे? म्हणलं, आत. ते म्हणाले, खरवडा. मी आईकडं बघितलं. आई माझ्याकडं. केरूदादाच्या वकिलाला म्हणलं, तुम्ही खरवडा. तो दोन पावलं मागं सरला, त्याची बायको पोटुशी होती तेव्हा. मॅडम म्हणल्या, माझं काम फक्त युक्तिवादाचं. शेवटी कमिशनरसाहेबांनीच खिशातनं चावी काढली, वाकले, थोडा वेळ तसेच वाकून राहिले, मग चावी खिशात टाकली, चपला काढल्या आणि नमस्कार केला. डोळे मिटून! अहवाल आला तो असा, 'स्थळावर सात देवता आढळल्या. सातही सुस्थितीत आहेत.'

मग मॅडमनी खरवडण्याचा अर्ज दिला. समोरचा वकील म्हणाला, ज्यांना खरवडायचं त्यांना आधी पक्षकार करा, साती आसरांना नोटीस काढा. विचारलं, पत्ता? म्हणाला, विहीर, तीच वादातली. जजसाहेबांनी पुन्हा चष्मा पुसला आणि तारीख दिली. त्याला आता तीन वर्षं झाली. तोवर 'जैसे थे', माझी मोटार चालतेय, केरूदादाचीबी चालतेय, गुलाब उभा हाय. तेवढं एक बरं.

मी म्हणलं, जाऊ दे, एकदा आपोआप पडलं कवच, पुन्हा पडेल. ऊन काय संपलंय नाशिकचं? म्हणून मी आता डोळे उघडे ठेवून हात जोडतो. रोज सकाळी सातवीसमोर बसतो, कुठं तडा दिसतो का बघतो, हळूच नख लावून बघतो. आणि तडा दिसतो हो! मागच्या उन्हाळ्यात चांगला वीतभर तडा गेला होता, आतलं 'धों' दिसायला लागलं होतं. धावत मॅडमना फोन केला, परत येतो तर... बुजलेला. ओला शेंदूर. आणि शेजारी वाटीत तेल कालवत कोण बसलंय? केरूदादा! ज्या माणसानं आयुष्यात देवाला कधी उदबत्ती ओवाळली नाय, तो आता दर मंगळवारी येतो, दर अवसेला येतो, ऊन वाढलं की दिवसाआड येतो, आणि सहा जणींना नुसता नमस्कार करून सातवीला बोटबोट शेंदूर देतो. मी बोललो काय, तर म्हणतो, लहानू, काकांच्या नावावर पाय पडू नये म्हणून करतोय रे, त्या दिवशी काकूचं ऐकून मन द्रवलं माझं.

आणि आई! आईच्या डोळ्यांतनं पाणी. परवा मी तिथं नख लावून बसलेलो, ती आली, माझ्या टाळक्यात टपली मारली, केरूदादाच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बघ, तुझ्या बापाला तुझ्यापरीस हा जपतोय. आनि तू रं? इतके दिस कुठं व्हतास?"